कंसातले आवाज

पुणे
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,

राखीच्या सुट्टीत तुमच्याकडे डोणगावला राहिले, तेव्हाच्या एका संध्याकाळची गोष्ट. जेवणाआधी सगळे टीव्हीसमोर बसले होते. मालिकेत कोणीतरी काहीतरी बोललं आणि तुझ्या सासूबाई, काका, छकुली एकदम हसले. तू तिघांच्या तोंडाकडे पाहिलंस, हसल्यासारखं केलंस आणि कणीक भिजवायला उठलीस. मावशी, कणीक भिजवलेली होती. मीच भिजवली होती.

त्या तापाला दोन वर्षं झाली. ताप उतरला, पण जाताना तुझे दोन्ही कान घेऊन गेला, आणि मशीन लावूनही उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. हे सगळं मला माहीत होतं. पण माझी मावशी, जी आईशी फोनवर बोलायला लागली की इकडे भात करपायचा, ती आता कोणाशी बोलतच नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. व्हॉट्सअपवर तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हे पत्र. पत्राला अंगठा दाखवून चालत नाही.

तुला माहीत आहे, मी दिवसभर कंपनीत जपानी कागदांची भाषांतरं करते आणि उरलेल्या वेळात जपानी मालिका पाहते. कोणती पाहावी, कोणती सोडावी, यावर इंटरनेटवर लिहितेही. बरेच लोक वाचतात आणि माझ्या सांगण्यावरून पाहतात. या मालिका जपानी भाषेत असतात, पडद्याच्या खाली अक्षरं येतात, ती वाचायची. म्हणजे आपल्यापैकी कोणालाच तिथं कानांचा उपयोग नाही. हे इतकं साधं मला आजवर सुचलं नाही, याचा राग येतो.

तिकडच्या एका छोट्या वाहिनीनं आपल्या जुन्या मालिका यूट्यूबवर ठेवल्या आहेत, आणि ज्याला हौस असेल त्यानं आपल्या भाषेत अक्षरं लिहून द्यावीत, असं सांगितलं आहे. मी मराठीत लिहिली. तुझ्यासाठी.

पहिली पाहा, ‘शेवटची बस’. डोंगरातल्या एका गावाची बस बंद होणार आहे. चालवणारी बाई चाळिशीतली, अबोल. रोज बसणारी माणसं पाच. त्यातला एक घड्याळ दुरुस्त करणारा. फार हळुवार प्रेमकथा आहे. मी तिला पाचपैकी साडेचार तारे दिले आहेत. छकुलीच्या मोबाईलवर दुवा पाठवला आहे. पाहा आणि मला खरं खरं लिही.

तुझी,
पुष्पांजली


डोणगाव
१४ सप्टेंबर २०२४

चि. पुष्पा,

खुशाल राह्य. तुहं पत्र आलं तवा छकुलीचे बाबा म्हणाले, विम्याचं असन. मी पाकीट हिसकूनच घेतलं.

मालिका पाह्यली, आठही भाग. स्वयंपाकघरात मोबाईल डब्याले टेकवून पाह्यली. आता तू खरं लिही म्हणली म्हणून लिहितो. बसवाली बाई मले आवडली. उगाच हसत नाही. सकाळी बसचा आरसा पुसते, तो कसा पुसते पाह्य, जशी लेकराचं तोंड पुसून राह्यली. पाचव्या भागात तो म्हातारा एकटाच बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाते न परत येते, उतरतच नाही, तिथं माही पोळी तव्यावर जळाली. म्हणजे तो भाग चांगला.

पण तू जे हळुवार प्रेमकथा म्हणली, ते मले पटलं नाही. आठ भागात त्या दोघायनं एकमेकायले फक्त सफरचंदं देली. इतक्या वेळात आमच्याकडं लगन होऊन पोट्टं चालाले लागते. साडेचार तारे लय होतात. मी तीन देतो.

आणखी एक सांगायचं आहे. तिसऱ्या भागात ती बस चालवता चालवता एकदम मागं वळून पाहाते. खाली एक अक्षर नाही. काऊन पाहाते? कोणी हाक मारली? काही पडलं? मी तीनदा मागं नेऊन पाह्यलं. तुले वाटलं, बोलणं लिहिलं की काम झालं. बेटा, बोलण्याशिवाय माणसाले केवढं ऐकू येते, हे ऐकू येणं गेल्यावर समजते.

मी बोलत नाही म्हणते तू. मले माहा आवाज ऐकू येत नाही, पुष्पा. किती मोठा निघते, किती बारीक निघते, समजत नाही. मागं वाण्याच्या दुकानात छकुलीनं माहा हात दाबला, आई, हळू. लोक पाहून राह्यले होते. वजनकाटाच नसला तर माल कसा तोलाचा? म्हणून मी दुकानच बंद केलं.

दुसरी मालिका पाठव. सफरचंदं नको.

तुही,
मावशी


पुणे
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

त्या बसमध्ये मागच्या सीटवर बाळ रडायला लागतं, म्हणून ती वळून पाहते. त्या गावात कित्येक वर्षांत बाळ नव्हतं. सगळ्या मालिकेतली सगळ्यात मोठी जागा ती, आणि मी तुला ती दिलीच नाही.

सगळे भाग पुन्हा काढून बसले. आता बोलणं तसंच आहे आणि आवाज कंसात लिहिले आहेत. (बाळ रडतं.) (पत्र्यावर पाऊस.) (कोणीतरी जिना चढतं.) हे करताना माझी मलाच मौज वाटली. कधी नव्हे ते ऐकायला लागले. आत्ता ऑफिसच्या खिडकीत (पारवा घुमतो). शेजारच्या टेबलावर (बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज, चोरून).

नवी पाठवते, ‘निळी छत्री’. खुनाची आहे. शेवटपर्यंत खुनी कळत नाही, अशी माझी जाहिरात आहे. ही मात्र मोबाईलवर नको. मोठ्या टीव्हीवर लाव, सगळ्यांमध्ये बसून. छकुलीला सांग, ती जोडून देईल.

आणि तारे देण्याचं काम आता तू कर. माझ्या वाचकांना मी सांगितलं, ‘शेवटची बस’ला डोणगावच्या एका जाणकार बाईंनी तीनच तारे दिले आहेत. त्यातल्या निम्म्यांना तुझंच म्हणणं पटलं.

तुझी,
पुष्पा


डोणगाव
२३ ऑक्टोबर २०२४

चि. पुष्पा,

उशीर झाला. सोयाबीन काढणं चालू होतं, घरात श्वास घ्याले जागा नव्हती.

खुनी कळत नाही म्हणे! मले दुसऱ्याच भागात समजला. तो दवाखान्यातला गोड बोलणारा भाऊ. तुमी लोकं त्याचा आवाज ऐकता न फसता. मी त्याचे डोळे पाहून राह्यली होती. मी कागदावर नाव लिहून छकुलीच्या बाबायच्या उशीखाली ठेवलं. शेवटच्या भागाले त्यायनं कागद काढला, माह्याकडं पाह्यलं, न दोन्ही हात जोडले.

पण सांगायचं ते हे नाही. चौथ्या भागात तो जाडा हवालदार पहाऱ्यावर झोपते न कुत्रा येऊन त्याचं तोंड चाटते, पाह्यलं ना तू? तो खडबडून उठून कुत्र्याले सलाम ठोकते, “साहेब, मी झोपलो नव्हतो!” मले खाली वाचून इतकं हसू आलं. मोठ्यानं हसली असन, कारण छकुली दचकली. तिनं मंग वाचलं, ती हसली. यायचा चष्मा सापडत नव्हता. हे माह्याकडं वळले न मले विचारलं, “काय झालं? काय झालं?”

पुष्पा, हे दोन शब्द दोन वर्षं माह्या तोंडात होते. सगळे हसले की मी विचारू, काय झालं? कोणी सांगे, कोणी म्हणे, काही नाही, राहू दे. त्या दिवशी मी सगळ्यायच्या आधी हसली. न घरधनी मले विचारून राह्यला.

सासूबाई मात्र उठून गेल्या. त्यायले वाचता येत नाही. आमी तिघं अक्षरायले हसून राह्यलो न त्या नुसत्या पडद्याकडं पाहून राह्यल्या. मले समजलं त्यायले कसं वाटलं असन ते. पाठीमागं जावं वाटलं. पण आमचं सध्या बरं नाही, त्या माह्याकडं पाहात नाहीत. म्हणून नाही गेली.

दसऱ्यानंतर छकुलीले पाहाले पाहुणे आले होते. जमलं नाही. मी आत कोठीतच होती. लसूण सोलाचा होता.

‘निळी छत्री’ले चार. एक तारा कुत्र्याचा.

तुही,
मावशी


पुणे
४ नोव्हेंबर २०२४

मावशी,

लसूण सोलायचा होता?

पोटच्या लेकीला पाहायला पाहुणे येतात आणि तू कोठीत लसूण सोलतेस? मला ते वाक्य वाचून झोप लागेना, म्हणून छकुलीला फोन केला. ती म्हणाली, आई आत होती, दार लावलेलं होतं, आणि आजी तेव्हापासून नीट वागत नाही. पुढं तिला रडू आलं. मी समजायचं ते समजले.

माझी मावशी लपवून ठेवायची वस्तू आहे का? ताप आला म्हणून कान गेले, हे पाहुण्यांना सांगता येत नव्हतं? आजी मोठ्या आहेत, मी त्यांच्याबद्दल वाकडं लिहू नये. पण सुनेला कोठीत बसवून नातीचं लग्न जमवायचं, हे मला सहन होत नाही. आईलाही सांगितलं आहे. ती म्हणते, कोकिळाला म्हणावं, काही दिवस माहेरी धामणगावला ये. मी म्हणते, पुण्याला ये. माझी एक खोली आहे, पण त्यात आपण दोघी मावू.

यासोबत ‘मुळ्याचं लोणचं’ पाठवते. समुद्राकाठच्या गावात एक लोणच्याचं दुकान आहे, आत सासू आणि विधवा सून. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, मिठावरून धुसफूस, बरण्यांवरून धुसफूस. सहाव्या भागात सून बॅग भरते. बारापैकी मी सहाच भाग पाहिले आहेत, तेवढ्यांचीच अक्षरं लिहिली आहेत, आणि तुझ्यासाठी तेवढी पुरे आहेत. तिनं बॅग कशी भरली ते नीट बघ.

तुझी,
पुष्पा


पुणे
१ डिसेंबर २०२४

मावशी,

पत्र नाही. अंगठासुद्धा नाही. छकुली म्हणते, आई ठीक आहे, लिहिणार आहे. माझ्या बोलण्यानं दुखावलीस का? ये म्हटलं, त्यात सक्ती नव्हती. एक ओळ लिही.

पुष्पा


डोणगाव
१५ डिसेंबर २०२४

चि. पुष्पा,

दुखावली नाही. पण तुह्यावर चिडली होती, ते खरं. अर्धी मालिका पाहून लोकायले पाहा म्हणून सांगतात का? हा कोणता धर्म? आता सगळं सविस्तर लिहितो, नीट बसून वाच.

आधी त्या दिवसाचं. पाहुणे येण्याआधी मी पाह्यलं, छकुलीचे बाबा छकुलीले काही सांगून राह्यले होते न सांगता सांगता कानाले हात लावला. मी समजली, आईले समोर आणू नको म्हणून राह्यले. कोणी मले कोठीत बसवलं नाही, पुष्पा. मी स्वतःच गेली न कडी लावली. वाटलं, कोणी बोलवाले आलं तर जाईन. कोणी आलं नाही. लसूण संपला, पाहुणे गेले, मंग मी निघाली. सासूबाईनं माह्याकडं पाह्यलं न तोंड फिरवलं. तवापासून तसंच.

आता मालिकेचं. पहिला भाग मी एकटीनं लावला. सासूबाई तांदूळ निवडत तिथंच बसल्या होत्या. पडद्यावर ती जपानी म्हातारी मुळ्याले मीठ चोळून राह्यली होती. सासूबाईचे हात थांबले. त्यायनं बोटानं मले खुणावलं, काय म्हणते ती? पहिलं पहिलं मी नुसती मान हलवली. मंग वाटलं, दोन वर्षं मले जे “राहू दे” मिळालं, ते मी या म्हातारीले देऊन राह्यली. तोंड उघडलं न वाचलं, “मीठ हातानं नाही, मनानं मोजायचं असतं.”

किती दिवसानं बोलली कोण जाणे. घशातून चरक फिरल्यासारखं वाटलं. सासूबाईनं कानावर हात ठेवले, मी एवढ्या मोठ्यानं वाचलं! मी गप झाली. तर त्यायनं माहा हात धरला, न दुसऱ्या हाताचा पंजा हवेत हळूहळू खाली आणला. म्हणजे, इतकं. मी हळू वाचलं, पंजा वर गेला. असं करत करत माप सापडलं. आता रोज दुपारी आमी दोघी बसतो. मी वाचतो, न त्यायचा पंजा माह्या आवाजाचं बटण आहे.

मी सगळं वाचतो, तुह्या कंसातलं बी. सासूबाईले ते ऐकूच येते, तरी वाचतो. मी “लाटांचा आवाज” म्हणली की त्या मान डोलवतात, हो, आहे म्हणून. खरं आहे का ते मी त्यायच्याकडून तपासून घेतो.

चौथा भाग. सून मिठाच्या कोठारात जाऊन दार लावते. सासू बाहेर येऊन उभी राह्यते. खाली तू लिहिलं, (दारावर थाप). मी वाचलं. (पुन्हा थाप.) वाचलं. (थाप. सासूचा आवाज बसलेला.) तेही वाचलं. न माह्या बाजूले काही हालचाल दिसली म्हणून पाह्यलं, तर सासूबाईच्या डोळ्यातून पाणी चाललेलं. त्या उठल्या, माह्या मागं आल्या, न माह्या पाठीवर मूठ वाजवली. तीनदा. कोठीच्या दाराकडं बोट दाखवलं. मंग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मी छकुलीले हाक मारली.

छकुली आतून धावत आली. सासूबाई तिच्या मोबाईलमध्ये बोलाले लागल्या, तो बोललेलं लिहून दाखवते ना. पण त्या मोबाईलले आपली भाषा कुठं येते! मी पाह्यलं तर पडद्यावर लिहिलं होतं, “मेले दार उघडलं नाही.” मी घाबरून विचारलं, कोण मेलं? छकुलीनं वाचलं न रडता रडता हसत सुटली. सासूबाई म्हणाल्या होत्या, “मले दार उघडलं नाही.” मंग छकुलीनं सगळं हातानं लिहून देलं.

सासूबाई आल्या होत्या, पुष्पा. पाहुण्यायच्या समोरून उठून आल्या होत्या. दार वाजवलं, हाका मारल्या, “कोकिळा, भायेर ये, तुह्या पोरीचं काम हाये.” मी आत पाठ करून लसूण सोलून राह्यली. त्यायले वाटलं, मी ऐकू न येण्याचं निमित्त करून राग काढून राह्यली, सगळ्यायच्या देखत त्यायचा अपमान केला. इतक्या दिवसात त्यायच्या ध्यानात आलं नाही की थाप ऐकाले कान लागतात. त्यायचंही काय चुकलं? मले बी अजून कधी कधी वाटते, कोणी हाक मारली. न हे कानाले हात लावून काय सांगत होते म्हणते? छकुलीले सांगत होते, आईच्या बाजूले बस न तिले सगळं समजावून सांगत जा.

छकुलीनं खाली आणखी एक ओळ लिहिली होती. “आई, तू आली नाही तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. मग वाईट वाटलं.” मी तो कागद वाचला न तिले जवळ घेतलं. तिचं वयच किती? पण तिनं लिहिलं हे चांगलं केलं. नाही तर मी जन्मभर दुसऱ्यायलेच नावं ठेवली असती.

तर हे असं. पुण्याले येईन, पण तुही खोली पाहाले. बाकीचे सहा भाग लवकर लिही. सासूबाई रोज विचारतात, बॅग भरून ती बया गेली कुठं?

तारे शेवटी देईन.

तुही,
मावशी


पुणे
२२ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र बसमध्ये वाचायला घेतलं आणि माझा थांबा मागे गेला.

आजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्यासमोर बसून, मोठ्यानं वाचून दाखव: पुष्पा चुकली, तिला माफ करा. मी एका फोनवरून त्यांना दोषी धरलं. ऐकू येतं म्हणजे कळतंच, असं मला वाटत होतं.

‘मुळ्याचं लोणचं’बद्दल मी जे लिहून ठेवलं होतं, ते काढून टाकलं. उरलेले सहा भाग सलग पाहिले. ती सून कुठं जाते ते सांगत नाही, आजींचा रस जाईल. अक्षरं पूर्ण झाली आहेत, आवाजांसकट. शेवटच्या भागात एक जागा आहे, तिथं दोन मिनिटं कोणीच काही बोलत नाही आणि कसला आवाजही नाही. कंसात काय लिहावं, सुचेना. शेवटी लिहिलं, (शांत आहे). म्हणजे तुला कळेल की काही सुटलेलं नाही.

छकुलीला नवीन स्थळ आलंय असं आई म्हणाली. खरं का?

तुझी,
पुष्पा


डोणगाव
२८ जानेवारी २०२५

चि. पुष्पा,

हे पत्र आमी दोघी मिळून लिहून राह्यलो. सासूबाई बाजूले बसल्या आहेत न म्हणतात, मी सांगतो तसं लिही. अर्धं त्यायच्या ओठावरून घेतो, अर्धं अंदाजानं. चुकलं तर मी जबाबदार नाही.

ठिकाण हिवरा आश्रमचं. पोराचं नाव ज्ञानेश्वर, शाळेवर मास्तर आहे. पाहुणे परवा रविवारी येऊन गेले. त्यायच्या आदल्या दिवशी मी यायले म्हणली, मी बैठकीत बसीन. हे म्हणाले, मंग कुठं बसशीन? एवढंच.

पाहुणे बसले, पाणी झालं. मी उभी राह्यली न म्हणली, “मले ऐकू येत नाही. तापात गेलं. छकुलीले तसं काही नाही, न माह्या डोक्यालेही काही नाही. माह्याकडं पाहून हळू बोला, मले समजते.” आवाज किती निघाला, काय माहीत. मी सासूबाईकडं पाह्यलं. त्यायचा पंजा मांडीवर होता, जरासा हलला नाही. म्हणजे बरोबर निघाला.

आता पुढचं त्या सांगतात.

“पुष्पा, म्या अन्नपूर्णाबाई बोलून राह्यली. तुही माफी भेटली. तू पोट्टी हायेस, चालते. आता आयक. पोराची माय मोठी लाजरी. बोलाले लागली की तोंडाले पदर लावे. माही सून तिच्याकडं पाहून राह्यली, पाहून राह्यली, काय समजन तिले? म्या म्हनलं, बाई, पदर खाली घ्या. माह्या सुनेले तुमचं तोंड दिसू द्या. माहा लेक भगवानराव माह्याकडं डोळे मोठे करून पाहे. म्या म्हनलं, पाह्यतो कायले? सुनेशी बोलाचं असन तर असंच बोलावं लागते आमच्या घरी. तिनं पदर घेतला खाली. मंग दोघी इतक्या बोलत बसल्या की मानसं वावर पाहून आले तरी यायचं चालूच.”

मी कोकिळा लिहितो. पदराचं मले तवा समजलं नव्हतं. मले एवढंच दिसलं की त्या बाईनं तोंडावरचा पदर काढला न मले नीट पाहून विचारलं, तुमी लेकीले माहेरी किती वेळा बोलवाल? मी म्हणली, ती येईन तितक्या वेळा.

तिकडून काल होकार आला. छकुली म्हणते, मी त्याच्याशी दोनदा बोलीन, मंग सांगीन. हे म्हणाले, बोल. घाई कोणाले आहे?

‘मुळ्याचं लोणचं’ संपली. त्या शांत जागेवर मी “शांत आहे” वाचलं, न आमी दोघी बी तशाच बसलो. पाच तारे. सासूबाई म्हणतात, सहा लिही. पण म्हणतात, पुढची पाठवशीन तर रडवणारी नको, कुत्र्याची पाठव.

पत्र संपवत होती तर त्यायनं माहा हात धरला, अजून आहे म्हणून. सांगून राह्यल्या ते लिहाले मले लाज वाटते. मी नाही म्हणली, तर लेखणीवर बोट ठेवून बसल्या. म्हणून लिहितो.

“लिही, पुष्पा, पह्यल्या दिवशी तिनं टीव्हीचं वाचलं तवा मले तिचा आवाज वयखू आला नाही. लय दिवस आयकला नव्हता न. आता मले समजते ती घरात कुठं हाये ते. न्हाणीत हाये का गोठ्यात हाये, बसल्या जागी समजते. म्या एकलीच असली तरी घर भरल्यावानी वाटते.”

मी लिहिणं थांबवून त्यायले विचारलं, माहा आवाज आता कसा आहे? खरं सांगा. कोणाले विचाराची माही हिंमतच झाली नव्हती.

त्यायनं विचार केला. मंग मोठ्या तोंडानं, एकेक शब्द वेगळा करून, मले दिसन असं सांगतलं,

“मोठा हाये. पन असू दे. घर बी मोठंच हाये.”

तुही,
मावशी